पाच पेपरांतलं ‘ऑट टू’

तिसऱ्या पेपरवर मी थांबलो. लाल पेन खाली ठेवलं आणि आधी तपासून बाजूला टाकलेले दोन पेपर परत ओढून घेतले. तिन्ही शेजारी शेजारी मांडले. प्रश्न चौथा, उपप्रश्न ब. गाळलेल्या जागा भरा.

पाच वाक्यं होती. पहिल्यात आजारी माणसाला डॉक्टरकडे जायचा सल्ला दिलेला. तिथं तिघांनीही ‘शुड’ लिहिलं होतं. दुसऱ्यात आणि चौथ्यात शाळेचे नियम होते, तिथं ‘मस्ट’. तिसऱ्यात दिलेला शब्द पाळण्याची गोष्ट होती आणि पाचव्यात वाटेत पडलेल्या माणसाला उचलण्याची. या दोन जागी तिघांनीही ‘ऑट टू’ लिहिलं होतं. ओ, यू, जी, एच, टी. स्पेलिंगमध्ये खाडाखोड नाही.

मी वर्गात ‘ऑट टू’ शिकवलंच नव्हतं.

उरलेले पेपर मी भराभर चाळले. नववीत एक्केचाळीस मुलं होती. छत्तीस जणांनी तिथं ‘शुड’ लिहिलं होतं, ‘मस्ट’ लिहिलं होतं, काहींनी तर ‘इज’ लिहिलं होतं. पाच जणांनी ‘ऑट टू’. पाचही मुलं बंदरवाडीची.

हे १९८३ सालचं. मी चोवीस वर्षांचा होतो, बार्शीकडचा, आणि वेळशी नावाच्या खाडीकाठच्या गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवायला लागून मला दुसरं वर्ष चालू होतं. नववीच्या मुलांना ‘मस्ट’ म्हणजे केलंच पाहिजे आणि ‘शुड’ म्हणजे केलं तर बरं, एवढा फरक सांगतानाच माझा घसा बसला होता. त्यात ‘ऑट टू’ आणून गोंधळ कशाला वाढवा, म्हणून मी तो भाग पुढच्या वर्षावर ढकलला. पण उत्तरसूची लिहिताना माझ्यातला एम. ए. जागा झाला. शब्द पाळणं आणि पडलेल्याला उचलणं याला नुसतं ‘शुड’ फिकं पडतं, असं वाटून मी त्या दोन जागी ‘ऑट टू’ लिहिलं आणि खाली टीप दिली की ‘शुड’ही चालेल.

ती उत्तरसूची दोनच माणसांच्या हातून गेली होती. मी ती पाकिटात घालून ऑफिसात दिली, कारण हेडमास्तर परचुरे सरांचा तसा नियम होता, आणि सरांनी ते पाकीट कपाटात ठेवलं. त्याच कपाटाशेजारी बसून आमचा शिपाई गंगाराम भाटकर सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर प्रश्नपत्रिका काढत होता. भाटकर बंदरवाडीत राहायचा. त्या पाच पेपरांतला एक त्याच्या मुलीचा, सुगंधाचा होता.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच मी परचुरे सरांसमोर पेपर ठेवले. सर खडूची पेटीसुद्धा कुलपात ठेवणारे. त्यांनी चष्मा पुसला, पाचही पेपर पाहिले, मग उत्तरसूची पाहिली.

“म्हमाणे, शंका आहे की खात्री?”

“खात्री आहे सर. मी शिकवलंच नाही ते. आणि कुठे ‘शुड’ आणि कुठे ‘ऑट टू’, हे माझ्या सूचीत जसं आहे तसंच त्यांच्या पेपरात आहे.”

“कुणाच्या घरी शिकवणीबिकवणी?”

“बंदरवाडीत? तिथं कुणाला ए-बी-सी-डी तरी येते का?”

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. भाटकर अंगणात पाणी मारत होता. “नऊ वर्षं आहे हा माणूस,” ते म्हणाले. “पण पोरीसाठी माणूस काय करील, सांगता येत नाही. लेखी द्या. संस्थेच्या अध्यक्षांना इंग्रजीत लागतं.”

मी लिहायला बसलो. एका वाक्यावर पेन अडलं. भाटकरनं उत्तरसूची पाहिली असावी, की पाहिली असणार? इंग्रजीत दोन्हींना वेगवेगळी क्रियापदं लागतात. ‘मे’ लिहिलं तर ती माझी शंका, ‘मस्ट’ लिहिलं तर माझा निष्कर्ष. ‘मे’ लिहिलं की अध्यक्ष विचारणार, मग तक्रार कशाची करता? मी ‘मस्ट’ लिहिलं आणि खाली सही केली.

मुलांना एकेक करून स्टाफरूममध्ये बोलावलं. दामू नावाचा एक उंच मुलगा होता. त्याला विचारलं, “हे तुला कसं आलं?”

“आपसूक आलं, सर.”

“ऑट टू आपसूक येतं?”

तो छताकडे बघायला लागला. दुसरा म्हणाला, दामूचं बघून लिहिलं. तिसरा म्हणाला, आठवत नाही. परीक्षेला पाचही जण वेगवेगळ्या बाकांवर होते, हे मला माहीत होतं. चौथी मुलगी रडायलाच लागली. सुगंधा रडली नाही.

“वडिलांनी सांगितलं?”

“नाय.”

“मग कुणी?”

ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“सुगंधा, नाव सांगितलंस तर वडिलांवरचा आळ जाईल.”

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. काही तरी सांगेल असं वाटलं. मग तिचे ओठ परत मिटले. मला ते बघून आणखीच खात्री पटली. लपवण्यासारखं आहे म्हणूनच लपवते आहे, असा माझा हिशेब.

भाटकर आला तो हात पुसत. परचुरे सरांनी त्याला बसायला सांगितलं नाही.

“गंगाराम, कपाट उघडलं होतंस?”

“नाय सर.”

“मग पोरांना आलं कुठून?”

“ते मला सांगता येत नाय.”

“येत नाही, का सांगायचं नाही?” मी मध्येच विचारलं.

त्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “दोनी एकच समजा, सर. मी कागद चोरला नाय, येवढं लिवून घ्या. बाकी इचारू नका.”

चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून बंद केलं. पाचही मुलांना इंग्रजीत शून्य. त्यानंतर दिवाळीची सुट्टी लागली. मी बार्शीला गेलो आणि घरच्यांना मोठ्या फुशारकीनं सांगितलं की एका क्रियापदावरून मी चोर पकडला. वडील म्हणाले, “कबूल झाला का?” मी म्हटलं, कबूल कोण होतं?

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. त्या पाचांतले चार जण वर्गात आले, सुगंधा आली नाही. अध्यक्ष चौकशीला येणार म्हणून परचुरे सरांनी मला ते पाच पेपर वेगळे बांधून ठेवायला सांगितले. बांधता बांधता मी सुगंधाचा पेपर उलटला. शेवटच्या पानावर सातव्या प्रश्नाचं उत्तर होतं, मैत्रिणीला पत्र. मी ते तपासलंच नव्हतं. चौथ्या प्रश्नावर संशय आल्यावर पुढचं वाचायची गरज वाटली नव्हती.

तिनं मुंबईतल्या मैत्रिणीला लिहिलं होतं, तू तुझ्या आजीला पत्र लिहायला हवंस. ती मागणार नाही, पण वाट बघते. आणि तिथं, स्वतः रचलेल्या वाक्यात, नेमक्या जागी ‘ऑट टू’ होतं. त्याच्या वरच्याच ओळीत, पावसात बाहेर पडू नकोस, या वाक्यात ‘शुड नॉट’ होतं.

उत्तरसूचीत पत्र नव्हतं. पत्राला उत्तरसूची नसतेच.

दामूचं पत्र काढलं. मोडकंतोडकं होतं, पण त्यातही एकदा ते क्रियापद आलं होतं आणि चुकीच्या जागी नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिलो. चोरलेलं उत्तर उतरवता येतं, पण चोरलेल्या उत्तरातून नवं वाक्य करता येत नाही. हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं. तरी माझ्या मनातला संशय गेला नाही, त्यानं फक्त दिशा बदलली. शिकवणारा माणूस नाव लपवतो तो का? मुलं शून्य घेतात, बाप नोकरी घालवतो, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. असा कोण आहे बंदरवाडीत?

रविवारी जेवण झाल्यावर मी खाडीच्या कडेनं बंदरवाडीला निघालो. वाडीत शिरताना बायका मासळी वाळत घालत होत्या. मला पाहून त्यांचं बोलणं थांबलं. भाटकरचं घर विचारलं तर एकीनं नुसता हात केला. जाळी विणत बसलेले दोन म्हातारे मी पुढे जाईपर्यंत माझ्याकडे बघत होते.

भाटकर ओटीवर होता. मला बघून उठला. “बसा,” एवढंच म्हणाला. बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली.

“मी चुकलो,” मी म्हणालो. “तिनं ते स्वतःच लिहिलंय. पत्रात पण आहे.”

त्यानं तांब्या माझ्याकडे सरकवला.

“तुम्ही चोरी केली नाहीत, हे मला कळलंय.”

“मला आधीच ठाव होतं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “त्या कागदात तुमी काय लिवलं होतंत? साहेबाला दिलात तो. मराठीत सांगा.”

मी सांगितलं. उत्तरसूची भाटकरनं पाहिली असणार.

“असणार? तुमी मला बघताना बघितलं होतंत?”

“नाही.”

“मग ‘असावी’ लिवायचं होतंत.”

एम. ए.ला मला व्याकरणात पहिला वर्ग होता.

भाटकरनं सुगंधाला हाक मारली. ती दारात आली, माझ्याकडे न बघता उभी राहिली. “अंगणात बस. कोण येतंय बघ,” त्यानं सांगितलं. ती गेल्यावर त्यानं दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “धाकू सारंग.”

“कोण?”

“वाडीच्या टोकाला ऱ्हातो. बावीस वर्सं बोटीवर होता, खलाशांचा सारंग, म्हंजी मुकादम. मोठमोठ्या देशांना जाऊन आलाय. विंग्रजी बोलतो साहेबासारखं.”

“मग हे सांगायला काय हरकत होती?”

“तो वाळीत हाय, सर.”

सात वर्षांपूर्वी दोन होड्यांची टक्कर होऊन एक माणूस बुडाला होता. होडी हाकणारा गावकीच्या प्रमुखाचा, काशिनाथ नाखवाचा, भाऊ होता आणि प्यालेला होता. गावकीनं ठरवलं, कोर्टात कुणी काही पाहिलं नाही म्हणायचं. धाकू सारंगानं पाहिलं ते सांगितलं. भावाला शिक्षा झाली आणि सारंगाला वाळीत टाकलं. त्याला विहिरीवर पाणी नाही, कुणाच्या लग्नाला, मर्तिकाला बोलावणं नाही. जो त्याच्याशी बोलेल त्याचंही तेच.

“पोरं किनाऱ्यानं जातात,” भाटकर म्हणाला. “शिंपल्या-तिसऱ्या वेचायच्या म्हणून टोपल्या-फाटी घेतात आनि मागच्या अंगानं त्याच्या पडवीत जाऊन बसतात. माझी पोर पैली गेली, मीच धाडली. मग बाकीची गेली. नाव सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी वाडीत कळलं असतं. पाच घरं हायत, सर. माझं एकट्याचं असतं तर येगळं होतं.”

“म्हणून चोर म्हणवून घेतलंत?”

“शाळेतनं काढलं तर होडीवर जाईन. वाळीत टाकलं तर होडीवर पन कोन घेनार?”

मी उठलो. सारंगाला भेटायचंच असं माझ्या मनानं घेतलं. भाटकर म्हणाला, “तुमी जाऊ नका. दिसाल.” मी म्हटलं, मी परका माणूस, माझ्यावर गावकीचा काय नियम? आणि गेलो, भर दुपारी, वाडीच्या मधल्या वाटेनं. आज वाटतं की त्याचं ऐकायला हवं होतं. पण मला अजूनही थोडी शंका होती; स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती जाणार नव्हती.

सारंगाचं घर एकटं होतं, सुरूच्या झाडांपाशी. दारात खाकी अर्धी चड्डी घातलेला, पांढऱ्या दाढीचा, काटकुळा म्हातारा दोर वळत होता. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“कोनी धाडलं?”

“कुणी नाही. मी शाळेतला इंग्रजीचा मास्तर.”

“नाखवानं धाडलं असेल.”

“नाही. तुमच्याकडे मुलं येतात, म्हणून आलो.”

“माझ्याकडं कोन येत नाय.” तो परत दोर वळायला लागला. मग मान खाली ठेवूनच म्हणाला, “मास्तर हायस ना? मग सांग, शुडात आनि ऑट टूत फरक काय?”

मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. एक सल्ला, दुसरं नैतिक कर्तव्य.

“पुस्तकातलं झालं,” तो म्हणाला. “बोटीवर कप्तान सांगायचा ते मस्ट. नाय केलंस तर शिक्षा. सेकंड ऑफिसर चांगला मानूस होता, तो शुड म्हनायचा. कोट घाल, थंडी हाय. नाय घातलास तर तू कुडकुडशील, त्याचं काय नाय. आनि ऑट टू तो एकदाच म्हनाला. आमचा एक खलाशी पान्यात पडला, कप्तान म्हनाला बोट थांबायची नाय. तवा तो म्हनाला, वुई ऑट टू टर्न बॅक. हुकूम नाय, सल्ला नाय. त्याला नोकरी सोडायला लागली त्यापायी.”

“बोट वळली का?”

“नाय वळली.” त्यानं दोराला गाठ मारली. “पोरांना शून्य दिलास तू?”

“दिलं.”

“मी येऊन सांगू शाळेत?”

“नको. तुम्ही आलात तर सगळं वाडीला कळेल.”

“मग तू काय करनार?”

मी सांगितलं की बघतो काहीतरी. पण चालत परत येताना ते काहीतरी ठरलं होतं.

सोमवारी मी परचुरे सरांना लेखी दिलं. ‘ऑट टू’ मीच शिकवलं होतं. परीक्षेआधी शाळा सुटल्यावर मागे थांबलेल्या पाच मुलांची मी एक जादा तासिका घेतली होती आणि ते माझ्या लक्षातून गेलं होतं. तक्रार मागे घेतो.

सरांनी कागद दोनदा वाचला.

“लक्षातून गेलं?”

“हो सर.”

“पाचच मुलं थांबली, पाचही बंदरवाडीची. त्यांना तुम्ही नेमकं तेच शिकवलंत जे पेपरात विचारलंत. आणि त्यांना शून्य देताना तुम्हाला आठवलं नाही. मुलांनाही आठवलं नाही.”

“घाबरली असतील सर.”

ते माझ्याकडे जसे बघत होते, तसं मी महिन्यापूर्वी भाटकरकडे बघितलं होतं. “म्हमाणे,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही पेपर आधी कुणाला दिला होता का?”

“नाही सर.”

“असं मी लिहून घेतो.” त्यांनी लिहून घेतलं. त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. पण भाटकरला परत घ्यावं लागलं, मुलांचे गुण लावावे लागले. माझ्या सर्व्हिस बुकात शेरा पडला. पुढे मी तिथं असेपर्यंत माझी उत्तरसूची सर परीक्षा झाल्यावर मागायचे आणि माझी प्रश्नपत्रिका स्वतः शेजारी उभे राहून छापून घ्यायचे. इतर मास्तर माझ्यासमोर पेपरांबद्दल बोलायचे थांबले.

एवढ्यावर मिटलं असतं. पण मी भर दुपारी वाडीच्या मधल्या वाटेनं गेलो होतो.

चार दिवसांनी काशिनाथ नाखवाचा निरोप आला. संध्याकाळी देवळासमोर या. मी गेलो तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. पन्नासेक माणसं बसली होती. भाटकर एका खांबाला टेकून होता. बाकीच्या चार मुलांचे बाप वेगवेगळ्या कोपऱ्यांत होते, एकमेकांकडे न बघता. बायका पारापाशी उभ्या होत्या.

नाखवा अदबीनं बोलला. त्यानं मला खुर्ची दिली. “मास्तर, तुमी परके. तुमच्यावर आमचा नियम नाय. सारंगाकडं गेलात त्याबद्दल काय म्हननं नाय. पन गेलात कशाला?”

“जहाजावरचा एक धडा आहे. माहिती हवी होती.”

“गंगारामाच्या घरातनं निघून थेट तिकडं?”

“त्यांना वाट विचारली.”

“आनि आमची पोरं सारंगाकडं जातात, असं कानावर आलंय. विंग्रजी शिकायला.”

“पोरांना इंग्रजी मी शिकवतो,” मी म्हणालो. “शाळेत लेखी दिलंय तसं. पाहिजे तर हेडमास्तरांना विचारा.”

माझा आवाज बरा निघाला असावा. दोन-चार माना हलल्या. दामूच्या बापानं श्वास सोडलेला मला दिसला. नाखवा भाटकरकडे वळला.

“गंगाराम, मास्तर म्हनतात तसंच ना?”

नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. सगळी तयारी मी करून ठेवली होती.

भाटकर खांबापासून सुटा झाला. “नाय,” तो म्हणाला. “मास्तर माझ्यासाठी खोटं बोलतायत. माझी पोर सारंगाकडं जाते. मी धाडतो.”

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो तो तसाच खाली बसलो.

“कधीपासनं?”

“दोन वर्सं.”

“आनि बाकीची पोरं?”

“माझ्या पोरीचं मी सांगितलं. बाकीच्यांचं त्यांच्या बापांस्नी इचारा.”

नाखवानं चौघांकडे आळीपाळीनं बघितलं. चौघांनीही नाही म्हटलं. दामूचा बाप नाही म्हणाला तेव्हा त्यानं मान वर केली नाही. नाखवाला सगळं कळत होतं, पण एकाच वेळी पाच घरं वाळीत टाकायला त्यालाही जड गेलं असावं. त्यानं भाटकरचं एक घर टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत भाटकर नेहमीसारखा अंगणात पाणी मारत होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

“का बोललात?” मी विचारलं. “मी सगळं झाकलं होतं.”

“तुमी चांगलं केलंत, सर. पोरं सुटली.” त्यानं बादली खाली ठेवली. “शाळेत गप ऱ्हायलो ते चार घरांसाठी. तिथं देवळापुढं गप ऱ्हायलो असतो, तर ते माझ्या एकट्यासाठी झालं असतं. आनि मागं सारंग बसलाय ना तिकडं, सात वर्सं. त्यानं काय सोताचं बघितलं होतं?”

“आता पाणी कुठून आणणार?”

“सारंगानं सोताची हीर खणलीय. त्याच्याकडनं.” तो पहिल्यांदाच थोडा हसला. “आता त्याच्याकडं जायाला कोन आडवनार?”

सुगंधा शाळेत परत आली. माझ्या तासाला ती मागच्या बाकावर बसायची आणि विचारलं तर उत्तर द्यायची, विचारल्याशिवाय नाही. मी माफी मागितली तेव्हा तिनं “हो सर” म्हटलं. ती माफी होती की नुसतं उत्तर, ते मला कळलं नाही.

मी दर रविवारी सारंगाकडे जायला लागलो. शिकवायला नाही, शिकायलाच म्हणा. पडवीत चटई असायची. सुगंधा आता वाडीच्या मधल्या वाटेनं यायची, हातात वही उघडी धरून, चार वाजताच्या उन्हात. बायका दारं लावून घ्यायच्या. बाकीची चार मुलं यायची थांबली होती. पुढं कधी कधी कुणीतरी किनाऱ्यानं येऊन सुरूच्या आडून ऐकत बसलेलं जाणवायचं. सारंग तिकडं बघायचा नाही, फक्त त्या दिवशी जरा मोठ्यानं बोलायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दामू आला. किनाऱ्यानं नाही, वाटेनं. अंगणात येऊन उभा राहिला. चालत आला होता तरी त्याला धाप लागली होती.

“उशीर झाला,” सारंग म्हणाला आणि चटईवर सरकून त्याला जागा केली.

मंगळवारी दामूच्या बापाला वाळीत टाकलं. पुढच्या रविवारी दोघंही आले, बाप आणि मुलगा. दामू सुगंधाशेजारी बसला. बाप बराच वेळ पडवीच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभा होता. मग त्यानं सारंगाऐवजी मला विचारलं, “मास्तर, हितं मराठी पन शिकवतात काय? मला सही करता येत नाय.”

मी सारंगाकडे बघितलं. त्यानं दोर बाजूला ठेवला आणि दामूच्या वहीतलं एक कोरं पान फाडलं.